दोन हक्क, दोन अर्ज : माजी सैनिकाच्या लेकराला 'एकच घे' म्हणणारे तुम्ही कोण?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंग पट्ट्यात फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांची घरे आहेत. त्यांची मुले बारावी झाली की आम्ही विचारतो, "सैनिक कल्याणचा अर्ज भरला का?" उत्तर ठरलेले असते : "आपल्याला समाजकल्याणची मिळते ना, मग ती कशाला?" कोणी सांगतो, "दोन्ही घेतल्या तर केस होते म्हणे." कोणी नुसताच गप्प बसतो, कारण गावात "यांना सगळंच फुकट" हे ऐकून ऐकून मान खाली गेलेली असते.

मित्रांनो, ही मान वर करण्यासाठी हा लेख आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हा शतकानुशतके शिक्षण नाकारल्याचा हिशोब आहे. माजी सैनिकाच्या पाल्याची मदत हा बापाने सीमेवर घालवलेल्या वर्षांचा हिशोब आहे. पहिला हक्क जातीच्या अन्यायातून येतो, दुसरा नोकरीतून. दोन वेगळी देणी एका वहीत मांडून "एकच मिळेल" म्हणणे हा कुठला न्याय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मुलांसाठी शिक्षण भत्ता मिळतो, त्याला कोणी फुकटा म्हणत नाही. मग आमच्या हवालदाराच्या मुलीने अर्ज केला की 'दुहेरी लाभ' कुठून आठवतो?

आता आकड्यांवर येऊ. भावनेने मेसचे बिल भरत नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या गटात वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला शैक्षणिक भत्ता वर्षाला 13,500 रुपये, म्हणजे महिन्याला 1,125. पुण्यात एवढ्यात खोलीचा कोपराही मिळत नाही. त्यात फौजीची पेन्शन धरून उत्पन्न अडीच लाखांवर गेले की उरते ती फ्रीशिप : शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. खोली, जेवण, एसटी, पुस्तके सगळे बापाच्या खिशातून. सरकार फी भरते, पण पोरगं फक्त फीवर जगत नाही.

ही पोकळी भरायला सैनिकी मदत आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना 2006-07 पासून चालू आहे. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या, पात्रता परीक्षेत किमान 60 टक्के मिळवलेल्या माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी ती आहे. 2019-20 पासून मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये. वर्षाला जागा 5,500, त्यातल्या निम्म्या मुलींच्या. लक्षात ठेवा, अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. ते वर्ष गेले की संधी गेली. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्या घरातून मुलीमागे वर्षाला 36,000 रुपये निघून जातात.

दुसरी मदत हवालदार आणि त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. ती महिना 1,000 रुपये होती. ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती 2,000 करण्याचा निर्णय घेतला.

पण इथेच खरी मेख आहे. या दुसऱ्या अनुदानाच्या अर्जात लिहून द्यावे लागते की राज्याकडून किंवा मालकाकडून शिक्षण भत्ता वा शिष्यवृत्ती घेतलेली नाही. इकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या 2010 च्या केंद्रीय नियमावलीतही दुसरी शिष्यवृत्ती घेता येणार नाही, दोनपैकी एक निवडा, असे कलम आहे. मात्र त्याच नियमावलीने पुस्तके, साहित्य, राहणे-जेवणे यासाठी इतरांकडून मिळणारी तदर्थ मदत चालेल असेही म्हटले आहे. बंदीचे कलम खिडकीवरचा बाबू लगेच सांगतो. सवलतीचे कलम कोण सांगतो?

या कलमांचा फटका कोणाला बसतो? ज्याच्याकडे एकच हक्क आहे त्याला नाही. जो दलितही आहे आणि सैनिकाचा मुलगाही आहे, त्यालाच बसतो. म्हणजे जातीची भरपाई हवी असेल तर बापाची सेवा विसर, आणि सेवेचे हवे असेल तर जातीची भरपाई सोड. आमचा विरोध याला आहे.

कोणी आपल्यातलेच म्हणतील, आंबेडकरी माणसाला फौजेचे कौतुक कशाला? कौतुकाचा प्रश्न नाही, इतिहासाचा आहे. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवत. फौजेच्या नोकरीने आपल्या काही घरांत अक्षर आले. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा ते दारही बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तोवर दोन पिढ्या गेल्या. अर्ज लिहिणे ही आमची जुनी लढाई आहे, लाचारी नव्हे.

आज ते दार पुन्हा अर्धे लोटले जात आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी फक्त 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात. बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. आणि दर्जा नाही म्हणजे उद्या त्यांच्या मुलांना वर सांगितलेल्या योजनाही नाहीत. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या पोरांना हे कोणी सांगितले का?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सामाजिक न्यायाच्या शिष्यवृत्तीला सैनिकी अनुदानाच्या 'इतर लाभ' अटीतून वगळा. समाजकल्याण आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने प्रवेशाच्या दिवसांत एकत्र शिबिर घ्यावे. अग्निवीरांच्या मुलांना शिक्षणाच्या योजना लागू करा.

आणि कार्यकर्त्यांनो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. विहारात गावातल्या माजी सैनिकांची यादी करा, वीरपत्नी आणि विधवांची आधी. डिस्चार्ज बुक आणि पीपीओवर मुलांची नावे आहेत का ते आत्ताच तपासा. नाव नसेल तर अभिलेख कार्यालयाचा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो. चालू वर्षाचे नियम वाचा, खोटे प्रतिज्ञापत्र कोणी देऊ नका. कोणते दोन लाभ एकत्र चालतात हे कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी 'नाही' स्वीकारू नका. उत्तर आले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

1937 साली बाबासाहेब याच वळसंगमध्ये आले आणि आपल्या माणसांनी खोदलेली विहीर त्यांच्या हस्ते खुली झाली. पाणी कोणी ओंजळीत ओतेल म्हणून आपले आजोबा वाट पाहत बसले नाहीत. कुदळ त्यांनी धरली, आपल्याला पेन धरायचे आहे.

जय भीम!