इंटरनेटची खोती

सरकारनें धंद्यांत हात घालूं नये, बाजार मोकळा सोडावा, म्हणजे इंटरनेट आपोआप स्वस्त होऊन खेडोपाडीं पोंचेल, असा उपदेश शहरांतील विद्वान मंडळी वारंवार करितात. ह्या मंडळींच्या दारीं दोन दोन कंपन्यांच्या तारा आलेल्या असतात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील व घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतील आमच्या शेतकरी, गाबीत, सुतार, कुंभार बंधूंनीं हा उपदेश आपल्या अनुभवाशीं ताडून पाहावा.

बाजारानें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारी टेलिफोनचा अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचे दिवस आमच्या वडिलांनीं काढले. 2016 च्या सप्टेंबरांत जिओ आली, चढाओढ लागली, दर कोसळले. त्याचा लाभ आंबेवाल्यास व मासळी विकणाऱ्या बायांसही झाला. पण पुढें काय? कांहीं कंपन्या बुडाल्या, कांहीं एकमेकींत मिळाल्या, आणि खाजगींत तीनच उरल्या. त्या तिघींनीं 2024 च्या जुलैंत एकाच आठवड्यांत दर वाढविले. जिओचें 155 रुपयांचें रिचार्ज 189 चें झालें. तेंही 28 दिवसांचें. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा! तीस दिवसांचें एक तरी रिचार्ज ठेवा, हें सांगण्यास ट्रायला 2022 सालीं हुकूम काढावा लागला.

आतां फुकटाची गोष्ट. 2015 सालीं फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सला हाताशीं धरून गरिबांस फुकट इंटरनेट देऊं केलें. मात्र त्यांत काय दिसावें व काय दिसूं नये, याचे नियम फेसबुकचे. कोंकणांतील कुळाला हें दान ओळखीचें आहे. खोतही अडल्यावेळीं भात देई. पण मोजण्याचें माप त्याचें. डॉ. आंबेडकरांनीं 1937 सालीं मुंबई कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल आणलें आणि 1949 सालीं तिच्याविरुद्ध कायदा झाला. ती काय बाजारानें मोडली? ट्रायनेंही 8 फेब्रुवारी 2016 रोजीं असा भेदाचा दर बंद केला व मोडणाऱ्यास दिवसाला 50,000 रुपये दंड ठेवला. हें योग्यच झालें.

पण म्हणून सरकारला शाबासकी देऊन गप्प बसावें असें नाहीं. कंपन्यांच्या उत्पन्नांतील शेंकडा 5 भाग खेड्यांच्या सेवेसाठीं वेगळा निघतो. त्यास आतां डिजिटल भारत निधि म्हणतात. तो पैसा अखेर आमच्याच रिचार्जांतला. त्यांतून 2011 सालीं मंजूर झालेल्या योजनेची, हल्लींच्या भारतनेटची, तार ग्रामपंचायतींकडे येत आहे. तार पंचायतीच्या कपाटांतच थांबली, तर डोंगर नि व्हाळ ओलांडून असलेल्या वाडीनें काय करावें? 2020 च्या टाळेबंदींत आमच्या जिल्ह्यांत डोंगरावर खोप उभारून शिकण्याची पाळी आली. 2021 च्या तौक्ते वादळांत विजेबरोबर फोनही मुके झाले.

रेशनचा अंगठा, सन्मान निधीची केवायसी, सातबारा, हें सर्व सरकारनेंच इंटरनेटवर नेलें. तेव्हां 'वाडीपर्यंत रेंज आणणें हा कंपनीचा प्रश्न' असें त्यास म्हणतां येणार नाहीं.

कंपन्यांनीं आपल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करावेत, असा ट्रायचा 2024 चा नियम आहे. वाचकहो, घरांतील शिकत्या मुलामुलींकडून ते नकाशे मोबाइलवर उघडून घ्या व ग्रामसभेंत एकेका वाडीशीं ताडा. नकाशा रंगीत पण वाडी कोरडी असेल, तेथें ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि त्याची एक प्रत तहसीलदारांस व एक खासदारांस पाठवा.