पिरान्हाला बाटलीत कोंडू नका!

पेरॉक्सीमोनोसल्फ्युरिक ॲसिडमध्ये सल्फरची ऑक्सिडेशन स्टेट किती? व्हायव्हाचा आवडता प्रश्न! नेहमीच्या हिशेबाने अधिक ८ येते. पण सल्फरच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनच ६, तो ८ देणार कुठून? उत्तर अधिक ६. कारण इथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात. उत्तर आलं, मार्क मिळाले, विषय संपला! माझं म्हणणं असं, की खरा विषय इथून सुरू होतो.

हा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध दुबळा असतो आणि या ॲसिडचा सगळा जोर त्यातच आहे. १८९८ साली हाइनरिश कॅरो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केलं, म्हणून नाव 'कॅरोज् ॲसिड'. त्याचं भावंड पेरॉक्सीडायसल्फ्युरिक ॲसिड. त्याचा अमोनियम क्षार आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पीसीबी एचिंगसाठी वापरला असेल.

कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं की त्यात कॅरोज् ॲसिड तयार होतं. हेच ते 'पिरान्हा सोल्यूशन'. सिलिकॉन वेफर आणि काच साफ करायला वापरतात. सल्फ्युरिक ॲसिड सेंद्रिय मळाचा कोळसा करतं, आणि पिरान्हा तो कोळसाही खाऊन टाकतं! मिसळतानाच तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकतं. त्यात ॲसिटोन गेलं तर स्फोट होऊ शकतो. आणि दिसायला? अगदी पाण्यासारखं.

भिंतीवर बोर्ड असतो: ॲप्रन घाला, गॉगल घाला. घालायलाच हवेत. पण प्रयोग संपल्यावर उरलेल्याचं काय, हे बोर्ड सांगत नाही. त्यातून ऑक्सिजन सुटतच राहतो. बाटलीचं बूच घट्ट लावलं की आत दाब वाढतो आणि बाटली फुटते. तोपर्यंत आपण मेसमध्ये जेवत असतो. संध्याकाळी टेबलं आवरायला येतात ते लॅबमधले मामा. त्यांनी ना आपलं लेक्चर ऐकलेलं असतं, ना बीकरवर लेबल असतं. आपल्या प्रोजेक्टचा धोका त्यांनी का पत्करायचा?

कोणी म्हणेल, जुन्या क्रोमिक ॲसिडपेक्षा हे बरं, विषारी क्रोमियम तरी नाही. मान्य! पण साधी काच साबण-पाण्याने निघत असेल तर दोन्ही कशाला?

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. पिरान्हा वापरायची परवानगी देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "उरलेलं कुठे ठेवणार?" बीकरवर नाव, तारीख आणि इशारा, झाकण सैल, जवळपास सेंद्रिय द्रव नाही, आणि थंड होईपर्यंत ठेवायची जागा ठरलेली. एवढं उत्तर जर्नलमध्ये लिहिलेलं नसेल, तर सही देऊ नका. आणि मित्रांनो, सही मिळाली तरी मामांना सांगितल्याशिवाय लॅब सोडू नका.