खुर्ची कोणाची, कारभार कोणाचा?

नांदेड आणि लातूर या शेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना याचा अभिमान आहे. पण यांपैकी एकालाही सलग पाच वर्षे त्या खुर्चीवर बसता आले नाही. शंकरराव 1975 आणि 1986 साली आले, दोन्ही वेळा सव्वादोन वर्षांच्या आसपास राहिले. निलंगेकर 1985 च्या जूनमध्ये आले आणि नऊ महिन्यांत गेले.

असे का होते? आपल्याकडे मुख्यमंत्री थेट जनता निवडत नाही. विधानसभेचे बहुमत पाठीशी असेपर्यंतच तो असतो, आणि पुष्कळदा बहुमत असूनही पक्षश्रेष्ठी माणूस बदलतात. 2002 च्या जूनमध्ये विलासरावांच्या सरकारवर संकट आले, तेव्हा आमदारांना राज्याबाहेर नेऊन ठेवावे लागले होते. सरकार मात्र टिकले.

मग थेट निवडणूक हा उपाय आहे का? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडे पाहू. तिथे राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मताने पाच वर्षांसाठी निवडला जातो. पण 130 सदस्यांच्या संसदेतील 87 जणांनी ठरवले, तर ‘नैतिकदृष्ट्या असमर्थ’ म्हणून त्याला घरी पाठवता येत असे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जेमतेम आठवड्याभरात तिथे तीन राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही पेरूचे चलन बऱ्यापैकी सावरलेले राहिले, कारण तिथल्या मध्यवर्ती बँकेचा कारभार 2006 पासून एकाच गव्हर्नरच्या हाती होता आणि राजकारण्यांना त्यात फारसा हात घालता आला नाही. माणसे बदलली, तरी संस्था भक्कम असेल तर घरातली चूल विझत नाही.

आमची काळजी इथेच आहे. नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली. त्यानंतर तिथे प्रशासक बसले आणि तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. वरवर पाहता यात अस्थिरता कुठेच नाही. ना फोडाफोडी, ना अविश्वास ठराव. पण गावच्या शाळेचे छप्पर गळते, दवाखान्यात औषध नाही, नळाला पाणी नाही, हे सांगायचे कोणाला? प्रशासक कितीही चांगला असला, तरी त्याला मत मागायला आपल्या दारात यायचे नसते.

म्हणून सरकार टिकले की पडले एवढ्यावरच आपण थांबू नये. सत्ता ही लोकांची अमानत आहे. तिचा हिशेब मागायला आपल्याला कोणी सापडते का, हे आधी पाहावे. मत मागायला उमेदवार दारात आला, की घरातल्या बायकांनीही पुढे येऊन त्याला विचारावे: निवडणूक वेळेवर व्हावी म्हणून तुम्ही काय केलेत?