दिवा धरणारीचे नाव



एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, भोवती काळोख. उजेड बोटांतून झिरपतो आणि तिच्या चेहऱ्यावर पडतो. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा कुणाच्या भिंतीवर नक्की पाहिले असेल. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. ते खरे नाही. हे जलरंगातले चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे (१८८२-१९६८). 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

काळोखातून एका ज्योतीने माणूस उजळायची रीत युरोपात सतराव्या शतकात गाजली. इटलीची आर्तेमिझिया जेंतिलेस्की त्यात तरबेज. पण तिचीही काही चित्रे पुढे वडिलांच्या नावावर खपली.

जलरंगात चूक सहजी पुसता येत नाही. म्हणून हळदणकरांचे कौतुक होते, ते रास्तच. पण दिवा धरून तासन् तास उभी कोण राहिली? त्यांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ मध्ये कोल्हापुरात, वयाच्या १०२ व्या वर्षी त्या वारल्या. आपल्यापैकी किती जणींना हे नाव ठाऊक होते?

आपल्या शिरूर-दौंडच्या शिवारातही हे चित्र दिसते. रात्रीची लाइट आली की नवरा उसाला दारे धरतो आणि बाई बॅटरी घेऊन बांधावर उभी राहते. उसात बिबट्या असतो. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला त्याने लहान मुलांचे जीव घेतले. तरी ती उभी असते, कारण पीक दोघांचे. सातबारा मात्र एकट्याचा. मग कर्ज त्याला, नुकसानभरपाई त्याला, आणि तो गेला किंवा त्याने टाकले की हिने हेलपाटे घालायचे.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. पुढे शासनाचीही त्याच नावाची योजना आली. नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकते. अर्ज त्यानेच करायचा, हीच खरी मेख आहे. म्हणून एकेकीने घरात विषय काढण्यापेक्षा गटाने मिळून गावात काढावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा घेऊन यावे. मोठ्याने वाचू. कुणाकुणाचे नाव त्यात नाही, ते आधी आपणच लिहून काढू.