धूर जांभिवलीचा, डबा पनवेलचा

गोवंडीतला जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प दोन वर्षांत हलवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावलं. नवी जागा रायगडमधल्या खालापूर तालुक्यातलं जांभिवली. गोवंडीकरांची तक्रार रास्तच होती. पण तो धूर आता पनवेलच्या शेजारी येणार. पनवेलजवळच्या तळोज्याने तर कोविडच्या काळातच मुंबईच्या या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या पाहिल्या आहेत.

प्रकल्प कुठेही गेला, तरी चिमणीतून काय निघणार हे बरंचसं वॉर्डातल्या डब्यापाशी ठरतं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतलं मुख्यतः जाळायचं. सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या लाल पिशवीत. त्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला द्यायच्या. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. कागदावर सगळं सोपं. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि पंधरा पेशंट असले की नळी हाताशी असेल त्या पिशवीत पडते. ती बहुधा पीव्हीसीची, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची. जळताना त्यातून विषारी डायॉक्सिन तयार होऊ शकतं. म्हणून तर पिशव्याही क्लोरीनविरहित हव्यात, असं नियम सांगतो. त्याची मुदतसुद्धा मार्च 2019 पर्यंत लांबवली गेली. मुदतवाढीत आपला हात कोण धरणार!

भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान आणि वायू किमान दोन सेकंद आत, ही अट आहे. डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम. इतकी कडक मर्यादा, आणि तपासणी वर्षातून एकदा! चाचणी खर्चिक आहे, मान्य. पण तपासणीचा दिवस सोडून उरलेल्या वर्षभरात भट्टीत काय गेलं, हे त्या एका आकड्यावरून कसं कळणार?

खाट नसलेला दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, रक्तदान शिबिरसुद्धा याच नियमांखाली येतं. पनवेलच्या खारघर, कामोठे, कळंबोलीत आज गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. प्रत्येकाने वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा आणि स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. पनवेल महापालिकेने आपल्या हद्दीतले हे अहवाल मराठीत एका जागी लावावेत. मंडळाने डायॉक्सिनची चाचणी दर तीन महिन्यांनी करून घ्यावी आणि आकडा जांभिवलीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवावा. जांभिवलीतली पहिली भट्टी पेटण्याआधी एवढं ठरायला हवं.