डुकराला देऊळ मिळाले, चांडाळाला का नाही?

मासा, कासव, डुक्कर, सिंह या रूपांतल्या देवांची टिंगल करणाऱ्या पोस्ट आपले तरुण फिरवत असतात. टिंगलीने हसू येते, पण समोरच्याला उत्तर द्यावे लागत नाही. त्याला उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न विचारा.

मध्य प्रदेशातील एरण येथे वराहाची प्रचंड पाषाणमूर्ती आहे. माणसाच्या धडावर डुकराचे तोंड असे तिचे रूप नाही. चार पायांवर उभे असलेले ते पूर्ण डुक्कर आहे. सुळ्याला भूदेवी लटकलेली आणि अंगभर रांगेने कोरलेले ऋषी. मूर्तीवरील लेखात हूण राजा तोरमाणाच्या कारकिर्दीचे पहिले वर्ष नोंदलेले आहे. ती घडवून घेणारा धन्यविष्णू आपले कूळ ब्राह्मण ऋषीपर्यंत नेतो. खजुराहोच्या वराहाच्या अंगावर तर ६७४ आकृत्या मोजल्या गेल्या आहेत. डुकराच्या अंगाला चिकटूनही देवाऋषींना विटाळ झाला नाही!

आता मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडा. श्राद्धाला जेवणाऱ्या ब्राह्मणांवर कोणाची नजर पडू नये, याची यादी २३९व्या श्लोकात आहे. चांडाळ, वराह, कोंबडा, कुत्रा, रजस्वला स्त्री आणि षंढ. शब्द वराह हाच आहे आणि तो चांडाळाच्या शेजारी बसला आहे.

कोणी म्हणेल, तिथे गावडुक्कर अभिप्रेत आहे, अवतार रानडुकराचा. मान्य करू. म्हणजे डुकरांमध्ये तरी पवित्र ठरायला एक वाट ठेवली. चांडाळाला कोणती वाट ठेवली?

कोणी म्हणेल, तुमच्या जातकांतही बोधिसत्त्व माकड होतो, हरीण होतो. होतो. सांचीच्या तोरणावर महाकपी आहे, भारहूतला रुरू हरीण आहे. पण तो महाकपी आपल्या पाठीचा पूल करून कळपाला वाचवतो. तिथे मोल जन्माचे नाही, आचरणाचे आहे.

एरणची मूर्ती एक गोष्ट सिद्ध करते. विटाळ कोणाच्या शरीरात नसतो. धर्मसत्ता तो लावते आणि तिला वाटेल तेव्हा पुसते. डुकरासाठी तो पुसला गेला. माणसासाठी मात्र बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळावी लागली.

तेव्हा मूर्तीला हसू नका. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याला विचारा, हा पुसलेला विटाळ माणसाच्या वाट्याला का आला नाही?

जय भीम!