सहाव्या वर्षीची दाढ

भाऊबीज झाली की आपल्या जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचं नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. हलका धान घरात आलेला असतो, म्हणून हातही थोडा मोकळा असतो. हा अंक तुमच्या हाती पडेल तो याच दिवसांत. कथा, कविता, झाडीबोलीतलं लेखन, नाटकांवरचा मजकूर असं सगळं नेहमीप्रमाणे आत आहेच. संपादकीयाची जागा मात्र यंदा आम्ही शाळकरी मुलांच्या दातांना दिली आहे. विषय सणाला शोभणारा नाही असं काही स्नेह्यांनी सुचवलं. आम्हाला तो याच दिवसांत मांडावासा वाटला.

गेल्या वर्षी एका मंडईत जिलेबीच्या दुकानापाशी तिसरीतला एक मुलगा उभा होता. जिलेबी तो फक्त डाव्या दाढेने चावत होता आणि घास चुकून उजवीकडे गेला की डोळे मिटून थांबत होता. उजव्या बाजूची खालची दाढ पार पोखरलेली होती. त्याची आई म्हणाली, "दुधाचीच हाय, पडून जाईन." ती दाढ दुधाची नव्हती. ती त्याला आयुष्यभर पुरायची होती.

इथेच आपल्या घराघरांतली मोठी गफलत आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे, कुठलाही दात न पाडता, पहिली कायमची दाढ येते. पुढचा दात पडला की घरभर गाजावाजा होतो, पोरगं तो दात कवेलूवर फेकतं. ही दाढ येते तेव्हा मात्र कुणाला पत्ता लागत नाही. ओळखायला सोपी आहे. उजेडात मुलाला तोंड उघडायला लावा आणि अगदी मधल्या दातापासून मागे मोजत जा. दोन पुढचे दात, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा असे पाच झाले की त्यामागची सहावी ती. वर दोन, खाली दोन. पहिली-दुसरीतल्या बहुतेक मुलांच्या तोंडात ती वर येत असते किंवा नुकतीच आलेली असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही आत शिरत नाही. शिवाय पूर्ण वर येईपर्यंत ती शेजारणीपेक्षा बुटकी असते, म्हणून सरळ घासलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे एकट्याने जमत नाही, मोठ्या माणसाने हात लावलाच पाहिजे.

दुधाच्या दाढाही "पडणारच आहेत" म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. त्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. त्या लवकर गेल्या तर पुढचे दात वाकडेतिकडे येतात. ठणका लागला की मूल रात्रभर झोपत नाही. मग लवंग, मग गोळी, आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडते.

कीड लागते ती तोंडातल्या जंतूंमुळे. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ हे आम्ल धुऊन नुकसान भरून काढते, पण तिला वेळ मिळायला हवा. म्हणून मुलाने किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त पाहावं. जेवणासोबत दोन करंज्या खाल्ल्या तर बिघडत नाही. दिवसभर डब्यातून एकेक शंकरपाळा काढून तोंडात टाकत राहिलं की लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ आटते. नाटक बघताना पोरं रात्रभर काहीबाही चघळतात आणि पहाटे तशीच आईच्या मांडीवर झोपतात, दातांना यापेक्षा वाईट रात्र नाही. मंडईला न्यायचं नाही असं आम्ही कधीच म्हणणार नाही. नाटकाला निघण्याआधी दात घासून घ्या आणि मग हाती फुटाणे द्या. दुपारच्या मंडईत आपल्याच तलावांतले उकडलेले शिंगाडे असतात. ढिवर बायांच्या टोपल्यांपुढे चॉकलेटच्या बरण्या उभ्या राहिल्यापासून ते मागे पडले, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. आपल्याकडे काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर पांढरे, पिवळे, पुढे तपकिरी चट्टे येतात. ही कीड नव्हे, आणि ते घासून जात नाहीत. अशा मुलाला "दात घासत नाहीस" म्हणून वर्गात हिणवू नये. त्याच्या गावाला पिण्याचं दुसरं पाणी मिळालं पाहिजे. पेस्टमधलं फ्लोराइड मात्र दाताला बळ देतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. शाळकरी मुलाला ती वाटाण्याएवढी पुरते, गिळायची नाही, थुंकायची. कोळसा आणि राख आता थांबवावी. गुडाखू तर घरात मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवूच नये. ती तंबाखूच आहे. तिची चव लागलेलं पोर पुढे खर्ऱ्यापर्यंत जातं, आणि खर्ऱ्याने तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं आपण पाहतो आहोत.

सरकार काहीच करत नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. त्याच्या तपासणीत दातांची कीडही येते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. वर्षातून एकदा येणारा डॉक्टर पडलेलं भोक दाखवू शकतो. ते पडू नये यासाठी रोज कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी शाळेतच आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून 'चाइल्डस्माइल' नावाच्या योजनेत बालवाड्यांमधली मुलं शिक्षकांच्या नजरेखाली रोज दात घासतात. तिथल्या मुलांची कीड कमी झाली आणि उपचारांवरचा सरकारी खर्चही वाचला. आपल्या जिल्हा परिषद शाळेत खिचडीआधी मुलं रांगेत हात धुतात. तीच रांग खिचडीनंतर ब्रश घेऊन उभी राहू शकते. प्रत्येक ब्रशवर नाव, ब्रश एकमेकांना न लागतील असे उभे ठेवायचे, थुंकायला परसबागेच्या कडेची नाली. शिक्षकांवर आधीच किती कामं आहेत हे आम्ही जाणतो. म्हणून ही रांग माता-पालकांनी आळीपाळीने सांभाळावी आणि ब्रश-पेस्टचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा, असं आमचं मागणं आहे. घरी रात्रीचा ब्रश आईबापांकडे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होईल, तेव्हा हा विषय सदस्यांनी आपणहून काढावा. ज्या शाळा ही रांग सुरू करतील त्यांनी काय जमलं, काय अडलं ते आम्हाला लिहून पाठवावं. पुढच्या दिवाळी अंकाची काही पानं आम्ही त्यासाठी आजच राखून ठेवली आहेत.